समोरच आहोत, समुद्रात

पुढे जे काही घडलं त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे, हे आधीच लिहून टाकतो. हा लेख बाहेर जाण्याआधी घरात वाचला जाणार आहे.

मेहुण्याला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं आणि बारावा दिवस नेमका मंगळवारी आला. सासुरवाडी माहीमची, अगदी समुद्राकाठची; आम्ही पार्ल्याचे. अंतर असं काही नाही. हायवे धरायचा, कलानगर मागे टाकायचं, कॉजवेवरून खाडी ओलांडली की आलंच माहीम. माझी बायको बाळाची सख्खी आणि एकुलती एक आत्या. बारशाला बाळ, पाळणा आणि आत्या एवढंच लागतं. बाप नसला तरी कार्य अडत नाही. आत्या नसली तर मूल बिननावाचं राहतं. त्यामुळे त्या दिवशी माझ्या शेजारी बसली होती ती नुसती बायको नव्हती, ती बारशाची सामग्री होती. मुहूर्त साडेअकराचा.

मागच्या सीटवर आई. मांडीवर सुंठवड्याचा डबा. आई माहीमची माहेरवाशीण आणि महापालिकेच्या शाळेतली निवृत्त बाई. निवृत्त फक्त पगारापुरती. फोनवर नकाशा लावला तेव्हा त्यातली बाई 'लेडी जामसेतजी रोड' म्हणाली. आईने तिला तिथल्या तिथे दुरुस्त केलं, "जमशेटजी." ती पुन्हा 'जामसेतजी'च म्हणाली. आई पुढे वाकून फोनला म्हणाली, "पुन्हा म्हण बघू. जम-शेट-जी." हा तास संपण्याची चिन्हं दिसेनात, म्हणून मी नकाशातल्या बाईचा आवाज बंद केला. सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. पण ते मी आईला सांगू शकत नाही.

गाडी घेऊन तीन महिने झाले होते. शिकवणाऱ्या सरांनी पंधरा दिवसांत माझ्या मनावर एकच गोष्ट बिंबवली होती, "घुसलात की घुसलात. मधेच विचार बदलायचा नाय." माझा स्वभाव नेमका उलटा. हॉटेलात मेनूकार्ड परत दिल्यावर मी वेटरला परत बोलावतो. आणि कलानगरच्या पुढे मुंबईने अशा माणसांसाठी एक खास जागा करून ठेवली आहे. वरून जायचं की खालून, हे तिथे चार सेकंदांत ठरवायचं असतं. वरून गेलात तर सी-लिंक, म्हणजे माहीम बाजूला टाकून समुद्रावरून थेट वरळीला नेणारा पूल; खालून गेलात तर माहीम. पाट्या आहेत, नाही असं नाही. पण पाटी वाचायची तर मान वर करावी लागते, आणि मान वर केली की पुढच्या टेम्पोचा ब्रेक लागतो.

"खालून ना?" मी विचारलं.

"हो, खालून," ही म्हणाली.

तोपर्यंत मी वर होतो.

आजूबाजूला एकही स्कूटर नाही, एकही रिक्षा नाही, कुणी अंगावर येत नाही, असं झालं तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मुंबईत रस्ता मोकळा मिळाला की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय. पुढे रेक्लमेशनला उतरून जायची एक शेवटची संधी असते. ही ओरडली, "इथून!" मी म्हणालो, "कुठून?" एवढ्या संवादात ती संधी मागे गेली आणि समोर टोलनाका उभा राहिला.

टोलनाक्यावर माझी एकच आशा होती, आमचा फास्टॅग. हा मूळचा लहरी. लोणावळ्याला जाताना याने गाडी तीनदा मागे-पुढे नाचवली होती. शेवटी तिथल्या पोराने हातात यंत्र घेऊन काचेची आरती केली तेव्हा कुठे प्रसन्न झाला. म्हटलं, आजही रुसेल, आपल्याला बाजूला घेतील, आपण हात जोडू, मागे वळवतील. पण त्या दिवशी गाडी नीट उभीही राहिली नव्हती तोच दांडा वर. शंभर रुपये कापल्याचा मेसेज आला तो बायकोच्या फोनवर. तरीही मी काच खाली करून विचारलं, "दादा, चुकून आलोय. परत वळता येईल का?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता वरळीला वळा."

मग पूल सुरू झाला. ५.६ किलोमीटर, आठ मार्गिका, आणि मधे यू-टर्न नावाची गोष्ट नाही. थांबायला बंदी, मागे यायला बंदी. वेगाची मर्यादा सरळ रस्त्यावर ताशी ८०. मी ४० ने चाललो होतो, कारण आपण चुकीच्या दिशेने चाललोय हे माहीत असताना जोरात जाववत नाही. मागचे भोंगे वाजवत होते.

आणि डावीकडे माहीम होतं.

ज्यांनी हा प्रवास केला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वांद्र्याहून वरळीला जाताना डाव्या हाताला सगळी माहीमची खाडी पसरलेली असते. आधी किल्ला, मग माहीमची चौपाटी, मग शिवाजी पार्कच्या इमारती, दादरची चौपाटी. जिथे आम्हाला जायचं होतं ते ठिकाण पूर्णवेळ आमच्या डोळ्यांसमोर होतं. नुसतं आमच्या आणि त्याच्या मधे पाणी होतं.

"ती बघ दादांची बिल्डिंग," ही म्हणाली. दादा म्हणजे तिचे वडील. "गच्चीवर निळी ताडपत्री दिसतेय."

एवढ्या लांबून निळी ताडपत्री दिसणं शक्य नाही, हे मी बोललो नाही. त्या घटकेला तिला माहीममधली कपडे वाळत घातलेली दोरीसुद्धा दिसली असती. तेवढ्यात मेहुण्याचा फोन.

"ताई, कुठे पोचलात?"

"समोर."

"समोर म्हणजे? गेटवर?"

"नाही रे. समोरच आहोत, समुद्रात."

पलीकडे शांतता.

"गच्चीवर ये," ही म्हणाली, "तुला पूल दिसेल. त्यावर सगळ्यांत हळू चाललेली गाडी आमची."

मेहुणा गुणी. खरंच गच्चीवर गेला, आणि तिथून पंचा हलवत होता असं नंतर कळलं. त्याच्यामागोमाग बारशाला आलेली निम्मी मंडळीही गच्चीवर गेली. बाळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

या सगळ्या काळात मागच्या सीटवर एक वेगळीच सहल चालली होती. "बाई गं, केवढा तो मनोरा!" आईचं नाक काचेला टेकलं होतं. मनोरा १२८ मीटरचा; त्यातून दोन्ही बाजूंना तिरक्या तारा खाली उतरलेल्या. आई जन्मभर चाळीत आणि चाळीसारख्या सोसायटीत राहिलेली. थोडा वेळ निरखून म्हणाली, "एवढ्या वलण्या आणि एकही साडी नाही."

तिला खूश ठेवावं म्हणजे निदान एका बाजूने तरी शांतता राहील, म्हणून मी म्हणालो, "पूल झाला तेव्हा सांगायचे, याचं वजन पन्नास हजार आफ्रिकन हत्तींएवढं आहे."

"आफ्रिकन कशाला? आपल्याकडे हत्ती नाहीत?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आई पहिल्यांदाच या पुलावर आली होती. त्यालाही कारण आहे. १९९९ मध्ये पुलाची पायाभरणी झाली तेव्हा बाबांनी पेपरातलं चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. पाच वर्षांत होणार म्हणत होते. झाला दहा वर्षांनी. ३० जून २००९ ला उद्घाटन झालं, तेही आठांपैकी चारच मार्गिकांचं. उरलेल्या २०१० मध्ये खुल्या झाल्या. सुरुवातीचे काही दिवस टोल नव्हता. फुकट म्हटल्यावर बाबांनी ऐन पावसात स्कूटर काढली, आईने चांगली साडी नेसली आणि दोघं सी-लिंक बघायला निघाले. दुचाकीला बंदी आहे हे बाबांनी वाचलं नव्हतं, किंवा वाचून आपल्याला लागू नसेल असं धरलं होतं. हवालदाराने रेक्लमेशनवरूनच परत पाठवलं. त्यानंतर सी-लिंकचा विषय निघाला की बाबा एवढंच म्हणायचे, "खाऱ्या वाऱ्यात गंज चढेल त्याला." ते चित्र मात्र कपाटाला राहिलं.

"किती घेतले रे?" आईने विचारलं.

"शंभर."

"जायचे?"

"जायचे."

झालं. बाईंचा तास सुरू झाला. "कॉजवे कुणी बांधला माहितेय ना? लेडी जमशेटजींनी. अवाबाई. खाडीत होड्या बुडायच्या, माणसं मरायची, आणि कंपनी सरकार म्हणायचं पैसे नाहीत. या बाईने स्वतःचे १ लाख ५७ हजार रुपये दिले. १८४३ साली काम सुरू, १८४५ ला रस्ता खुला. आणि अट काय घातली?"

आम्ही दोघं गप्प.

"काय घातली अट? सांगितलंय मी तुला शाळेत असताना."

"टोल घ्यायचा नाही," मी चाळिशीत असूनही पाचवीच्या आवाजात म्हणालो.

"टोल घ्यायचा नाही! आणि आपण त्या बाईंचा फुकट रस्ता सोडून पैसे देऊन इकडे आलो."

बायकोने यावर माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करत नाही. पहिल्या परिच्छेदात म्हटलंय, लेख घरात वाचला जाणार आहे.

वरळी जवळ आली तसा एक बुटका मनोरा लागला. कोळ्यांच्या होड्यांना ये-जा करायला वाट हवी, म्हणून वरळीच्या टोकाला तारांचा हा दुसरा, धाकटा पूल. खाली दोन होड्या चालल्या होत्या, डावीकडे वरळीचा किल्ला आणि कोळीवाडा. त्या होडीवाल्यांना हाक मारून 'माहीमला सोडता का?' विचारावं असं मला मनापासून वाटलं.

पण खरी परीक्षा पुढे होती. सप्टेंबर २०२४ पासून सी-लिंक कोस्टल रोडला जोडला गेलाय. त्यामुळे वरळीला उतरायचं चुकलात तर हाजी अली, तिथे चुकलात तर पुढे बोगदा, आणि बोगद्यात शिरलात की थेट मरीन ड्राइव्ह. माझ्यासारख्या माणसाला माहीमच्या बारशाला निघून गिरगावात पोचायची सोय सरकारने करून ठेवली आहे. बायकोने वाळ्यांची डबी पर्समध्ये टाकली आणि मोकळ्या हाताने स्टिअरिंग धरलं. मागून आईही "डावीकडे रे, डावीकडे" म्हणत होती, नक्की कशासाठी ते तिला माहीत नसताना. तिघांनी मिळून ती गाडी वरळी सीफेसला उतरवली. नारळपाण्याच्या गाडीशी थांबवली तेव्हा पाठीला शर्ट चिकटला होता. घड्याळात अकरा वाजत होते.

आता दोन मार्ग होते. ही म्हणाली, "परत पुलावर जाऊ. पलीकडे उतरायचं, कॉजवेवरून माहीम. वीस मिनिटं."

"म्हणजे आणखी शंभर रुपये," मी म्हणालो. "त्यापेक्षा प्रभादेवी, कॅडेल रोड, शिवाजी पार्क. फुकट."

आणि आईने आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या बाजूने मत दिलं. "पुलावरूनच जाऊ या."

मी चाट पडलो. कोथिंबिरीच्या जुडीमागे दोन रुपये वाचवायला आख्खी मंडई पालथी घालणारी ही बाई, आत्ताच टोलवर एवढं भाषण केलेली. वाटलं, उन्हाने घेरी आली असेल. गाडी मी चालवतोय, असा ठराव मी एक विरुद्ध दोन मतांनी मंजूर करून घेतला.

मित्रहो, सी-लिंक कशासाठी बांधला? माहीम ते वरळी हा रस्ता टाळण्यासाठी. त्या रस्त्यावरचे २३ सिग्नल वाचतात, असं तेव्हा कौतुकाने सांगायचे. तर, तो रस्ता टाळायचे शंभर रुपये भरून झाल्यावर मी तोच आख्खा रस्ता, उलट्या दिशेने, फुकटात घेतला. आणि मंगळवार होता. हे मी सुरुवातीलाच सांगितलंय. तेव्हा तुमच्या लक्षात आलं नसेल, माझ्याही आलं नव्हतं. प्रभादेवी. सिद्धिविनायक. मंगळवार.

सेंच्युरी बाजारच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. अनवाणी चालणारी माणसं आमच्या पुढे निघून गेली. जास्वंदीचे हार विकणारा पोरगा चार वेळा काचेशी आला. पाचव्यांदा आला तेव्हा आमची घरोब्याची ओळख झाली होती, त्याने नुसतं हसून हात केला. आईने सिग्नल मोजायला घेतले होते, पण कळस दिसल्यावर मोजणं सोडून हात जोडले. ते जोडलेलेच राहिले, कारण कळसही समोरून हलेना.

"लोक पहाटेपासून रांगेत उभे राहतात मंगळवारी," ती प्रसन्नपणे म्हणाली. "आपल्याला बसून दर्शन."

ही काही बोलली नाही. तिचा फोन बोलत होता. मेहुण्याकडून दर पाच मिनिटांनी बातमी येत होती. बाळ उठलं. बाळ रडलं. बाळाने दूध प्यायलं. बाळ झोपलं. मग सगळ्यांत भयंकर बातमी आली: डोंबिवलीची चुलत आत्या लोकलने वेळेवर पोचली आहे, आणि पाळण्याच्या आसपास घुटमळते आहे.

"ती!" ही कडाडली. "ती काय कुर्र करणार? तिला मराठी नाव धड उच्चारता येत नाही!"

"लग्नाआधी तिची आई माझ्या वर्गात होती," आई मागून म्हणाली. तेवढ्यावरून घराण्याच्या उच्चारांबद्दल काय समजायचं ते आम्ही समजलो.

कीर्ती कॉलेजची गल्ली आली. तिथल्या वड्याचा वास काचा बंद असूनही आत आला. मी ब्रेकवर पाय ठेवलादेखील, पण शेजारी पाहिलं आणि काढला.

पोचलो तेव्हा पाऊण वाजून गेला होता. जिन्यातच सासूबाई. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण गुरुजींनी पंचांग उघडून 'तसा एक वाजेपर्यंतही योग चांगलाच आहे' असा तोडगा आधीच काढून ठेवला होता. गुरुजी मालाडहून यायचे होते. तेही उशिराच पोचले होते, हे मला नंतर कळलं. चुलत आत्या पाळण्याची दोरी धरून उभी होती. हिने तिच्या हातातून दोरी घेतली. मी स्वतः पाहिलंय, एक-दोन बोटं सोडवावी लागली. मग 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं, हिने वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. त्या दिवशी धपाटे रीतीपेक्षा जरा जास्तच पडले, आणि त्यांत डोंबिवलीचा हात सगळ्यांत जड होता.

माझे धपाटे पंगतीत पडले. वरणभातापासून मठ्ठ्यापर्यंत एकच विषय. "कलानगरलाच लेन धरायला हवी होती." "हायवेने आलातच कशाला, एस. व्ही. रोडने यायचं." "धारावीतून बरं पडतं." सासरे एरवी अबोल. जिलेबीचा घास हातात थांबवून म्हणाले, "जावईबापू, माहीमला यायला वरळीहून?" आणि पुन्हा जेवायला लागले. गच्चीवर पंचा हलवणाऱ्या मेहुण्याने तर सगळी हकिगत अशी रंगवून सांगितली, की समोरच्या पाहुण्यांनी मला विचारलं, "पोहता येतं का तुम्हाला?"

संध्याकाळी पाचला निघालो. ही बाळाला टाकून निघेना, पण निघाली. गाडीत बसलो. माहीमहून पार्ल्याला जायचं, म्हणजे उत्तरेकडे तोंड करायचं, लेडी जमशेटजींचा फुकट कॉजवे धरायचा आणि घरी जायचं. यात माझ्याच्याने चुकण्यासारखं काही नव्हतं. मी गाडी सुरू केली.

मागून एक हात पुढे आला. हातात बारशाच्या पाकिटातून उरलेली शंभराची नोट.

"हे घे," आई म्हणाली.

"कशाला?"

"टोलचे. परत त्याच पुलावरून चल."

"आई, तो पूल आपल्या वाटेत नाहीये. त्यावर चढायला आधी पुन्हा वरळीला जावं लागेल. सिद्धिविनायकावरून. मंगळवारी संध्याकाळी."

"माहितेय मला. भूगोल मीच शिकवलाय तुला." ती क्षणभर थांबली. "जाताना नुसतं माहीम दिसलं रे. माहीम मी लहानपणापासून बघतेय. मोठा समुद्र दुसऱ्या बाजूला होता, मधे ते कठडे आणि समोरच्या गाड्या. येताना तो आपल्या अंगाला येतो ना? ह्यांनी चित्र कापलं होतं ते त्या बाजूचं होतं."

मी हिच्याकडे बघितलं. ही समोर बघत होती. मग तिने फोन काढला, नकाशा लावला, आणि आवाज मोठा केला.

मी गाडी प्रभादेवीच्या दिशेने घातली. नकाशातली बाई लगेच म्हणाली, "यू-टर्न घ्या." शिवाजी पार्कला पुन्हा म्हणाली. सिद्धिविनायकाच्या रांगेत तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा आई पुढे वाकून तिला म्हणाली, "गप्प बस जरा. आणि आधी जमशेटजी म्हणायला शीक."